पांढऱ्या भिंती आणि तळघरातली गोधडी

या वेळचं पत्र स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून आलं आहे. लिहिणाऱ्या मूळच्या नाशिकच्या, वय चौतीस. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, मुलगी चार वर्षांची. गेल्या वर्षी त्यांनी दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असा ५८ चौरस मीटरचा फ्लॅट विकत घेतला. 'इथल्यासारखं' स्कॅन्डिनेव्हियन घर करायचं, पांढरं, करडं आणि मोकळं, असं त्यांच्या मनात बरीच वर्षं होतं. त्यांनी भिंती पांढऱ्या केल्या, करडा सोफा, फिकट लाकडाचं टेबल, पांढरा गालिचा आणला. नाशिकहून आलेली पितळी भांडी, समई, आजेसासूबाईंनी शिवलेली गोधडी आणि आजोबांचा सागवानी चौरंग इमारतीच्या तळघरातल्या कोठीत गेला. कुकर आणि मिसळणाचा डबा रोज वापरून झाला की कपाटात जातो. ऑफिसातले स्वीडिश सहकारी येऊन कौतुक करून गेले. नवरा मात्र म्हणतो, "दवाखान्यात राहिल्यासारखं वाटतं." जूनमध्ये सासूबाई तीन महिन्यांसाठी येणार आहेत आणि देव कुठे आहेत हे त्या पहिल्याच दिवशी विचारतील. पत्रातला प्रश्न असा : "एवढं जपून केलेलं घर आता मोडायचं का? की एक कोपरा देशी करून बाकीचं तसंच ठेवायचं? सगळं एकत्र केलं तर खिचडी होईल अशी भीती वाटते. आणि खरं सांगायचं तर मलाही या घरात करमत नाही. पण हे नवऱ्यासमोर कबूल करवत नाही."

---

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी एका गोष्टीला हरकत घेते. स्कॅन्डिनेव्हियन म्हणजे पांढरं, करडं आणि मोकळं, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. तुमची सगळी घालमेल तिथून सुरू होते, कारण एकदा हे मान्य केलं की पितळ आणि गोधडी आपोआप 'विरुद्ध पक्षात' जातात. पण ज्या देशात तुम्ही राहता, तिथल्या घरांचा इतिहास असं सांगत नाही.

डालार्ना प्रांतात फालून शहराजवळ सुंदबॉर्न नावाचं गाव आहे. चित्रकार कार्ल लार्सन आणि त्यांची पत्नी कारिन यांचं घर तिथे आहे. १८८८ साली कारिनच्या वडिलांनी ते त्यांना दिलं. कार्लनी त्या घराची जलरंगात चित्रं काढली, १८९९ मध्ये ती पुस्तकरूपाने आली, आणि स्वीडिश घर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय यावं हे बऱ्याच अंशी त्या चित्रांनी ठरवलं. त्या घरातली जेवणाची खोली लाल आणि हिरवी आहे. पडदे, टेबलावरची कापडं, उशांचे अभ्रे यांवर कारिनच्या हातची विणकाम-भरतकामं, तीही ठळक रंगांत. ते घर आजही पाहता येतं. सासूबाई आल्या की उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना घेऊन जाच. भरतकाम त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरं नाव योसेफ फ्रांक यांचं. व्हिएन्नाचे ज्यू वास्तुकार. तिथलं वातावरण बिघडत गेलं तसे १९३३ मध्ये ते स्वीडनला आले आणि एस्त्रिद एरिकसन यांच्या स्टॉकहोममधल्या 'स्वेन्स्क्ट टेन' या दुकानासाठी काम करू लागले. फुलं, वेली, फळं, पक्षी यांनी भरगच्च छापील कापडं ही त्यांची ओळख. एकरंगी पृष्ठभागापेक्षा नक्षीदार पृष्ठभागावर नजर जास्त निवांत राहते, असं त्यांचं म्हणणं होतं. बाहेरून आलेला हा माणूस स्वतःची आवड दाराबाहेर ठेवून आत शिरला नाही आणि आज त्यांच्या कापडांशिवाय स्वीडिश गृहसजावटीचा इतिहास कोणी सांगत नाही. तुमच्या पत्राला उत्तर देताना मला सगळ्यांत आधी तेच आठवले.

शेजारच्या फिनलंडमध्ये १९५१ साली मारिमेक्को ही छापील कापडांची कंपनी सुरू झाली. त्यांची भल्यामोठ्या अफूच्या फुलांची प्रसिद्ध नक्षी १९६४ ची. तिच्यात काही फिकट नाही. आणि डेन्मार्कचं पन्नास-साठच्या दशकातलं फर्निचर, ज्याला आज जुन्या बाजारातही चांगला भाव येतो, ते मोठ्या प्रमाणावर सागवानाचं होतं. लाकूड आग्नेय आशियातून यायचं. तुमच्या आजोबांचा चौरंग त्याच झाडाच्या लाकडाचा आहे. फिकट बर्च आणि पाइन जेवढं स्कॅन्डिनेव्हियन, तेवढंच ते तपकिरी, तेलपाणी केलेलं सागवानही.

मग पांढरा रंग आला कुठून? त्याला कारण आहे आणि ते मला फार पटतं. डिसेंबरात गोथेनबर्गला जेमतेम साडेसहा तासांचा दिवस असतो, सूर्य क्षितिजाला चिकटून चालतो. जो काही उजेड खिडकीतून आत येईल तो भिंतींनी गिळू नये, परत खोलीत टाकावा, म्हणून भिंती पांढऱ्या. म्हणून जड पडदे नकोत, म्हणून खिडकीसमोर उंच कपाट नको. तेव्हा तुमच्या भिंती पांढऱ्याच राहू द्या. त्या योग्य आहेत. पण भिंती पांढऱ्या असण्याचं कारण उजेड आहे. ते कारण सोफ्याला लागू नाही, गालिच्याला नाही, उशीला तर नाहीच.

आता नवऱ्याच्या 'दवाखान्या'बद्दल. तुमच्या पत्रात भिंती, सोफा, टेबल, गालिचा या सगळ्यांचं वर्णन आहे. दिव्यांबद्दल एक ओळही नाही. आपल्यापैकी बहुतेक जण ट्यूबलाइटखाली वाढले. खोलीच्या मधोमध किंवा भिंतीवर वर एकच दिवा, पांढराशुभ्र, सगळ्या कोपऱ्यांत सारखा. नाशिकमध्ये रंगीत भिंती, लाकडी कपाटं, कॅलेंडरं, माणसांची ये-जा यांत तो प्रकाश खपून जातो. पांढऱ्या भिंती आणि करड्या सोफ्यावर तोच प्रकाश पडला की खोली खरोखरच तपासणीची खोली वाटते. तुमचा नवरा रंगाबद्दल बोलतो आहे असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, तो बहुधा प्रकाशाबद्दल बोलतो आहे.

दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे आपली निळसर पांढरी ट्यूब, २७०० म्हणजे पिवळसर उबदार प्रकाश. संध्याकाळच्या सगळ्या दिव्यांसाठी २७०० घ्या. आणि एका मोठ्या दिव्याऐवजी पाच-सहा लहान दिवे, वेगवेगळ्या उंचीवर : एक सोफ्याशेजारी वाचायला, एक खिडकीच्या कट्ट्यावर, एक पुस्तकांच्या फळीवर, एक टेबलावर खाली लोंबणारा. मध्ये मध्ये थोडा अंधार राहू द्या. डेन्मार्कच्या पोल हेनिंगसेन यांनी उभी हयात याच प्रश्नावर घालवली. बल्ब नजरेला थेट टोचू नये, प्रकाश टेबलावर आणि माणसांच्या चेहऱ्यांवर मऊ पडावा म्हणून त्यांनी विसाच्या दशकात एकाखाली एक तीन छत्र्यांचा दिवा केला. १९५८ चा त्यांचा पीएच-फाइव्ह आजही असंख्य डॅनिश घरांत जेवणाच्या टेबलावर टांगलेला दिसतो. तो महाग आहे, तोच घ्यायची गरज नाही. त्यातली युक्ती घ्या : टेबलापासून साधारण ६० सेंटीमीटर उंचीवर टांगलेला, बल्ब झाकलेला दिवा. पोळी-भाजीचं ताटही त्याखाली वेगळं दिसतं. स्वयंपाकाच्या ओट्यावर मात्र भरपूर, स्वच्छ उजेड हवाच. तांदूळ निवडायला मंद दिवा चालत नाही.

खिडकीतल्या दिव्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ती मला तिथली सगळ्यांत आवडलेली पद्धत आहे. तुमच्या इमारतीतल्या खिडक्या बाहेरून बघा. बऱ्याच कट्ट्यांवर छोटा दिवा असतो आणि पडदे उघडे असतात. नाताळाआधीच्या चौथ्या रविवारपासून तिथे कागदी तारे आणि विजेच्या मेणबत्त्यांच्या कमानी लागतात. आपली दिवाळी त्याच्या काही आठवडे आधी येते, दिवस झपाट्याने आखडत असतात तेव्हा. तुमचा आकाशकंदील खिडकीत लावा आणि भाऊबीज झाली म्हणून उतरवू नका. कंदिलाला तिथल्या अंधारात जेवढं काम आहे तेवढं नाशिकमध्येही नाही.

शैलीच्या मुळाशी असलेली दुसरी गोष्ट म्हणजे रोजचं काम. १९१७ मध्ये स्टॉकहोमच्या लिल्येवाल्क्स कलादालनात एक प्रदर्शन भरलं होतं. विषय होता कामगार कुटुंबांच्या लहान घरांत, परवडेल अशा किमतीत, चांगलं सामान कसं असावं. आणि १९४४ मध्ये स्वीडनमध्ये गृहसंशोधनाची एक संस्था निघाली. घरकाम करणाऱ्या बाईला किती वाकावं लागतं, किती चालावं लागतं, हात कुठवर पोचतो याची तिने मोजमापं घेतली आणि त्यातून ओट्याच्या, कपाटांच्या उंची-रुंदीची प्रमाणं आली. तुमच्या स्वयंपाकघराच्या मांडणीतही त्या अभ्यासाचा अंश असणार. म्हणजे जी टापटीप आपण फोटोत पाहतो ती एका बाईचे श्रम वाचवण्यासाठी जन्माला आली. तीच टापटीप राखायला तुम्ही कुकर आणि मिसळणाचा डबा रोज काढता आणि रोज लपवता. हे उलटं झालं.

तुमचं काम मोजा. पोळ्या कुठे लाटता, त्या उंचीवर खांदे भरून येतात का, फोडणीच्या वेळी कशाकडे हात जातो. जे रोज लागतं ते हाताशी, उघड्यावर राहू द्या; ते घराचं काम आहे. शेगडीजवळच्या उघड्या फळ्या मात्र काढा, फोडणीच्या तेलाचा चिकट थर त्यांच्यावर आठवड्याभरात बसतो. फिकट लाकडाच्या टेबलाला साबणपाण्याचा हात दिलेला असेल तर हळदीचा डाग लाकडात उतरेल. कडक मेण-तेलाचा लेप करून घ्या किंवा सरळ मेणकापड अंथरा. स्वीडनमध्ये नक्षीदार मेणकापड सहज मिळतं, तिथल्या आज्याही तेच अंथरतात. कापडावरची हळद उन्हात उडते हे आपल्याला माहीत आहेच. पण तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन मागून मिळत नाही, म्हणून हिवाळ्यात टेबलाजवळ पांढरं कापड नको. शेगडीवर धूर ओढणारा जोरदार पंखा बसवायचा विचार असेल तर आधी सोसायटीला विचारा. तिथल्या बऱ्याच इमारतींत हवा बाहेर काढणारी नळी सामायिक असते आणि तिला स्वतःची मोटर जोडायला परवानगी नसते. जोडली तर तुमच्या फोडणीचा वास शेजारच्या घरात जातो. अशा इमारतीत कोळशाच्या गाळणीचा, हवा गाळून परत खोलीतच सोडणारा पंखा चालतो.

आता तळघर. गोधडी सगळ्यांत आधी वर आणा. जुने कपडे फाडून त्यांच्या पट्ट्या विणून केलेल्या सतरंज्या तुम्ही तिथल्या घरांत पाहिल्या असतील, लांबट, पट्ट्यापट्ट्यांच्या. जुन्या लुगड्यांची गोधडी हे त्याच काटकसरीचं आणि त्याच हौसेचं काम आहे. ती भिंतीवर फ्रेम करून लावू नका. मुलीच्या पलंगावर घाला किंवा करड्या सोफ्याच्या पाठीवर टाका, म्हणजे अंगावर घेतली जाईल. धुण्याचं तेवढं सांभाळा : जुन्या रंगांचा भरवसा नसतो, तेव्हा सामायिक धुलाईखोलीच्या यंत्रात गरम पाण्यात टाकू नका. गार पाण्यात हाताने, आणि आधी एका कोपऱ्याचा रंग जातो का ते पाहून.

सगळं पितळ वर आणू नका, हेही तितक्याच आग्रहाने सांगते. तुम्हाला खिचडीची भीती आहे ती अनाठायी नाही. पाच फळ्यांवर पंधरा भांडी मांडली की घराचं दुकान होतं. मी एकच कसोटी लावते : वस्तूला घरात काम आहे का, किंवा घरातल्या कोणाला ती नसल्याची उणीव भासते का. घंगाळ दाराशी ठेवा, हिवाळ्यात टोप्या, मफलर आणि हातमोजे त्यात पडतील. चौरंग सोफ्यापुढे चहाचे कप ठेवायला, मुलीला चित्रं काढायला. समईबद्दल पुढे सांगते. बाकीची भांडी कागदात गुंडाळून, ओलीपासून वाचवून तळघरात राहिली तरी काही बिघडत नाही. आजीचं भांडं कोठीत आहे म्हणजे आजीचा अनादर झाला, असं नाही. दर हिवाळ्यात एखादं वर आणा, एखादं खाली न्या.

एक देशी कोपरा करून बाकीचं तसंच ठेवण्याचा पर्याय मला पसंत नाही. तो सोपा आहे, पण त्या कोपऱ्याचं प्रदर्शन होतं आणि उरलेलं घर पूर्वीसारखंच परकं राहतं. सगळं मोडण्याचीही गरज नाही. पांढऱ्या भिंती आणि तुमचं टेबल राहू द्या. गालिचा मळल्यावर पुढचा घेताना गडद किंवा नक्षीचा घ्या. सजावटीसाठी वर्षभर नवं काही विकत घेऊ नका, दिवे सोडून.

सहकाऱ्यांच्या कौतुकाबद्दल थोडं नाजूक बोलते. त्यांनी मनापासूनच कौतुक केलं असेल. पण त्यांच्या घरी गेलात तेव्हा काय पाहिलंत ते आठवून बघा. आजीचं रंगवलेलं कपाट, उन्हाळी घरातून आणलेली खुर्ची, 'लोप्पिस'मध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, सापडलेले कप. त्यांचं घर त्यांच्या माणसांनी भरलेलं असतं. तुमच्या घरात त्यांना तुमची माणसं दिसली नाहीत, आणि सभ्यपणामुळे त्यांनी विचारलं नाही. परदेशात आपण इथले आहोत हे दाखवायची ओढ मी समजू शकते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ते काम घरावर टाकू नका. तुम्ही तिथे नोकरी करता, कर भरता, मुलीला तिथल्या बालवाडीत सोडता. एवढ्याने तुम्ही तिथल्या झालात.

पुण्या-मुंबईहूनही असे प्रश्न येतात, नवी मुंबईत २०२० साली आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीचं दुकान उघडल्यापासून तर फारच. त्या वाचकांसाठी : आपल्याकडे उजेड कमी नाही, उलट एप्रिलमध्ये पांढऱ्याफेक भिंतीवरून तो डोळ्यांवर येतो. किंचित मातकट, साबुदाण्याच्या रंगाची भिंत बरी. दाट पडद्यांची आपल्याला गरज आहे, लोकरी गालिच्याची नाही. चटई किंवा सुती सतरंजी घाला. स्वस्त दाबीव भुशाच्या फळ्यांचं फर्निचर कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात फुगतं. गोथेनबर्गच्या घराने तिथल्या हवेला उत्तर दिलं, आपण आपल्या हवेला द्यावं.

तुमच्या पत्रातला सगळ्यांत अवघड भाग नवऱ्याचा आहे. पत्रात फ्लॅट 'आम्ही' घेतला, पण भिंती 'मी' रंगवल्या, सोफा 'मी' आणला. त्याला विचारलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्याला हवी असलेली एक वस्तू तळघरातून त्यालाच निवडू द्या. आणि करमत नसल्याचं सांगून टाका. त्याने ते आधीच वेगळ्या शब्दांत सांगितलं आहे, म्हणजे तुम्ही दोघं एकाच बाजूला आहात. चूक कबूल करण्यासारखं यात काही नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने घर उभं केलं, त्यात राहून पाहिलं, आणि आता ते पुढे न्यायचं आहे. बोलणं सुरू करायला दिवे बरे पडतील. एखाद्या शनिवारी दोघांनी मिळून ते बदला, संध्याकाळी मोठा दिवा बंद ठेवा आणि मग बोला.

राहिल्या सासूबाई. त्यांच्यासाठी आधी अंधाराची सोय करा. जूनमध्ये गोथेनबर्गला रात्री दहानंतर सूर्य मावळतो आणि पहाटे चारच्या सुमारास उगवतो. साठीच्या बाईची झोप त्याने उडते. त्यांच्या खोलीला पूर्ण अंधार करणारा गुंडाळी पडदा लावा. सखल सोफ्यावरून गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठवत नाही, म्हणून साधारण ४५ सेंटीमीटर उंचीची, हात असलेली एक लाकडी खुर्ची जुन्या बाजारातून आणा. हिवाळ्यातही ती कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

देवांसाठी भिंतीवरच्या फळ्या पुरतात. नील्स स्ट्रिनिंग यांनी १९४९ मध्ये केलेली तारेच्या शिडीची फळी तुम्ही तिथे सगळीकडे पाहता. तशी एक फळी, तिच्यावर देव, शेजारी पुस्तकं. समई मात्र फळीखाली किंवा पडद्याजवळ नको. खाली चौरंगावर, पितळी ताटात ठेवा, आणि घरात कोणी नसताना पेटती ठेवू नका. उदबत्ती लावण्याआधी धुराचा अलार्म कुठे आहे ते पाहून घ्या. कोणती भिंत, हे आज ठरवू नका. सासूबाईंना येऊ द्या, दोन दिवस घरात वावरू द्या, सकाळचं ऊन कुठे येतं ते त्या पाहतील, आणि मग त्या, तुम्ही आणि नवरा मिळून खिळे ठोका.